आवडता लेखक म्हणजे ज्याचं फसलेलं पुस्तकही आपण संपवतो?

शेवटचं_पान

आवडता लेखक कोण असं विचारलं की आपण पटकन एक नाव सांगतो, आणि त्या नावामागे बहुतेक वेळा एकच पुस्तक असतं. कोसला आवडली म्हणून नेमाडे, बनगरवाडी आवडली म्हणून माडगूळकर. माझ्या मते हे पुस्तक आवडणं झालं. लेखक आवडतो तेव्हा त्याचं जमलेलं, न जमलेलं सगळं आपण शोधून शोधून वाचतो. न जमलेलं वाचताना कुरकुर करतो, पण खाली ठेवत नाही.

या हिशेबाने माझे एकच, श्री. ना. पेंडसे. गारंबीचा बापू, रथचक्र, तुंबाडचे खोत यांबद्दल काय सांगायचं! पण मी लव्हाळीही वाचली आहे. तिच्यात कोकण नाही, मुंबई आहे, आणि सगळी गोष्ट डायरीतून येते. गारंबीची राधाही वाचली. बापू-राधाचं जे व्हायचं ते पहिल्या कादंबरीतच होऊन गेलं होतं, आता कशाला पुन्हा उकरून काढायचं, असं दर दहा पानांनी वाटत होतं. तरी संपवली. कारण गावातली भावकी लिहावी तर या माणसाने. कुणाच्या पडवीत कोण पाय ठेवणार नाही, कुणाचा नमस्कार कोण घेणार नाही, हे सगळं मुंबईत बेस्टची नोकरी करता करता लिहिलंय.

तर आता तुमचा लेखक सांगा. अट एकच: त्याचं न आवडलेलं एक तरी पुस्तक नाव घेऊन सांगायचं. नुसतं 'पु.ल. ग्रेट' चालणार नाही.

खारी_बिस्कीट

पु.ल. ग्रेट.

(दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

कट्ट्यावरचा_भाऊ

पहिल्याच प्रतिसादात! मी तिसऱ्यावर पैज लावली होती.

खारी_बिस्कीट

बरं बरं, अट पाळते. 'तुका म्हणे आता' हे त्यांचं सुरुवातीचं नाटक. घरात होतं म्हणून वाचलं, पुन्हा हातात घेतलं नाही. बटाट्याची चाळ मात्र आजही कुठलंही पान उघडून वाचते. झालं समाधान?

धारवाडी_पेढा

जी.ए. कुलकर्णी. दुसरं नाव माझ्या तोंडात येणार नाही.

माझं शिक्षण धारवाडात झालं. जी.ए. तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मी पोचलो तोवर ते नव्हते, पण गोष्टी होत्याच की ओ. काळा चष्मा, सभा नाही, संमेलन नाही, कुणाकडं जाणं-येणं नाही. असल्या गोष्टी ऐकून मी पहिल्यांदा 'पारवा' घेतलं, मग 'हिरवे रावे'. त्यातली घरं माझ्या ओळखीची निघाली. पुढच्या सोप्यात खाटेवर खोकत पडलेला म्हातारा, लग्नाचं वय उलटलेली बहीण, पगार पुरत नसलेला धाकटा भाऊ. आमच्या गल्लीत असली तीन घरं होती.

आता अटीचं. 'रमलखुणा' मला जड गेलं. दोनच दीर्घकथा आहेत त्यात, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. वाळवंट, भविष्यवाणी, निनावी प्रवासी. आमची गल्ली कुठं गेली म्हणून मी शोधत बसलो. संपवलं, पण रागानं संपवलं. आणि एवढ्यावर थांबलो नाही. कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे त्यांनी अनुवाद केलेत, रान, शिवार, गाव. अमेरिकेतल्या जंगलात झाडं तोडून वस्ती करणारं कुटुंब. तेही वाचून काढले. तेव्हा शेवटचं_पान, तुमच्या परीक्षेत मी पास का?

शेवटचं_पान

अनुवाद वाचलेत म्हणजे डिस्टिंक्शन.

अनुस्वार

पेढा यांना जे जड गेलं तेच माझं आवडतं. पारवा, निळासावळामधल्या कथा उत्तम आहेत, पण तशी दुःखाची घरं आणखी दोघा-तिघांनी लिहिली आहेत. 'विदूषक' किंवा 'ऑर्फियस' मराठीत दुसऱ्या कुणी लिहिली असती असं वाटत नाही.

माणूस किती ताठ होता तेही सांगतो. 'काजळमाया'ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक नेमकं कधी प्रसिद्ध झालं, त्या वर्षीच्या पुरस्काराला ते पात्र होतं का, असा वाद निघाला. जी.एं.नी सरळ पुरस्कार परत करून टाकला. आता अशा वादात लोक परिपत्रक काढतात.

तळ्यात_मळ्यात

आधीचे कौटुंबिक जी.ए. आणि नंतरचे रूपकवाले जी.ए. ही विभागणी मला कधी कळलीच नाही. 'कैरी' घ्या. ती 'पिंगळावेळ'मधली, म्हणजे उशिराचीच. पण तिच्यात घरच आहे. पोरका मुलगा, तानीमावशी, आणि त्या घरात मावशीची काय किंमत आहे हे मुलाला हळूहळू कळत जाणं. वाळवंटबिळवंट काही नाही. पेढा, पुन्हा वाचा.

धारवाडी_पेढा

वाचलंय हो. कैरी वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, म्हणूनच रमलखुणाचा राग आला.

फलटणची_सून

माझी गौरी देशपांडे. महर्षी कर्व्यांची नात, इरावतीबाईंची मुलगी, हे सगळे आधी सांगतात म्हणून मीही सांगून मोकळी होते.

लग्न होऊन इकडे आले तेव्हा इथल्या वाचनालयात 'एकेक पान गळावया' हाती लागलं. लाल रेक्झिनची बांधणी, कण्यावर पांढऱ्या रंगात हाताने घातलेला नंबर. आतल्या एका पानावर समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं, 'असं कुठे असतं का?' आणि खाली दुसऱ्या, बारीक अक्षरात: 'असतं.' मी त्या दोन बायका गावात बरेच दिवस शोधत होते. (पहिली बाईच होती कशावरून, असं आमचे हे विचारतात. अक्षरावरून, असं मी सांगते.)

मग सगळं वाचलं. तेरुओ, निरगाठी, दुस्तर हा घाट, मुक्काम. 'विंचुर्णीचे धडे' तर आमच्या दाराशीच घडलेलं, विंचुर्णी फलटणपासून जवळच. बर्टनच्या अरेबियन नाइट्सचा त्यांनी सोळा खंडांत केलेला अनुवाद आहे, त्यातले जेवढे मिळाले तेवढे वाचले.

न आवडलेलं: 'उत्खनन'. का ते नीट सांगता येत नाही. सगळं तेच होतं आणि त्यात मी नव्हते.

बांधावरचा

गौरीबाईंच्या भाषेबद्दल वाद नाही. पण त्यांच्या नायिकांना नवऱ्याला सोडावं की नाही हा प्रश्न पडतो तेव्हा परदेशातलं घर, नोकरी, इंग्रजी, समजूतदार मित्र हे सगळं आधीच जागेवर असतं. माझ्या आईला तो प्रश्न पडला असता तर तिला आधी एस.टी.चं भाडं शोधावं लागलं असतं. मला अण्णाभाऊ जवळचे वाटतात ते म्हणूनच. फकिरा तर आहेच, पण त्यांच्या कथा कुणी वाचत नाही. त्या वाचा.

फलटणची_सून

@बांधावरचा, खरं आहे, नायिकांची परिस्थिती बरी आहे. पण भाऊ, पैसे असूनही निघता येत नाही हेच तर त्या लिहितात. माझ्या जावेकडे स्वतःची गाडी आहे. ती माहेरी विचारून जाते.

बांधावरचा

हा मुद्दा घेतला. तरी अण्णाभाऊ वाचा.

वऱ्हाडी_ठेचा

शेवटचं_पान भाऊ, तुमची अट मले काई पटली नाई. काऊन ते सांगतो, आता नीट लिहितो.

माझा आवडता लेखक उद्धव शेळके. 'धग', १९६०. कौतिक नावाची बाई, शिंप्याचं घर, नवरा कुचकामाचा, आणि ती एकटी ते घर ओढत नेते. संवाद अस्सल वऱ्हाडीत. मी अमरावतीकडचा, मला एकही शब्द विचारावा लागला नाही. माझी आजी असंच बोलायची. मराठीतल्या पहिल्या पाच कादंबऱ्या काढा म्हटलं तर मी धग धरूनच काढीन.

पण शेळक्यांनी पुढे लेखणीवर पोट भरलं. कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. मागणी होती तशा, वाचनालयातल्या फिरत्या कपाटांसाठी. त्यातल्या काही मी वाचल्या, नावंसुद्धा राहिली नाहीत. म्हणजे तुमच्या अटीत मी नापास. पण मला एक सांगा, पेंडशांना बेस्टचा पगार होता. जी.एं.ना कॉलेजचा. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. महिन्याच्या एक तारखेची सोय असलेल्या माणसाचं फसलेलं पुस्तक आणि घरात पीठ आणायला महिन्याला एक हातावेगळी करणाऱ्याचं फसलेलं पुस्तक, हे एका मापाने कसं मोजता? पहिला फसतो तेव्हा काहीतरी करून पाहत असतो. दुसऱ्याला तेवढी सवडच नसते.

अनुस्वार

धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिसाद.

मालवणी_मास्तर

+१. आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचा नाव अजून कोणीच कसा घेवक नाय?

कुडाळात खानावळ चालवणारा माणूस. 'रात्र काळी, घागर काळी', 'कोंडुरा', 'चानी', आरती प्रभू या नावाने कविता, नाटकं वेगळी. १९७६मध्ये गेले तेव्हा वय अवघं ४६. नोकऱ्या धरल्या, सुटल्या, मुंबईत हाल काढले. त्यांचं सगळं सारखं उतरलेलं नाही, काही घाईचं आहे हे मलाही दिसतं. पण कोंडुरा मी दर पावसाळ्यात काढतो. आमच्याकडे पाऊस लागला की चार-चार दिवस घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा ते पुस्तक वाचताना दाराकडे पाठ करून बसवत नाही.

शेवटचं_पान

@ठेचा, मुद्दा बिनतोड आहे, पण तो लेखकाकडून झाला. मी वाचकाच्या बाजूने विचारतोय. लेखकाने पुस्तक कुठल्या परिस्थितीत लिहिलं हे माहीत असलं की मी त्याला माफ करतो, मान्य. पण माफ करणं आणि रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवणं यात फरक आहे की नाही? शेळक्यांच्या त्या इतर कादंबऱ्या तुम्ही पुन्हा वाचाल का?

वऱ्हाडी_ठेचा

नाही वाचणार. धग वाचीन, तेवढ्याच वेळा वाचीन जेवढे तुमचे पेंडसे सगळे मिळून होतात.

रात्रपाळी

सगळे 'मौज प्रकाशन'छाप गंभीर साहित्यवाले जमलेले दिसतात. थोडं खाली या. माझे आवडते नारायण धारप. एकही पुस्तक अर्धवट सोडलेलं नाही, म्हणजे अटीत मी सर्वांच्या पुढे. त्यांच्या 'समर्थ' या पात्राच्या कथांत पुढे काय होणार हे ठाऊक असतं. वाईट शक्ती येणार, समर्थ येणार, सगळं निस्तरणार. तरी वाचतो. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून घेतलेली, हे नंतर कळलं. कळल्यावर मूळही वाचलं. मला धारपांचीच जास्त भीती वाटते, कारण तो वाडा मी पुण्यात पाहिलेला आहे.

कट्ट्यावरचा_भाऊ

तुंबाड धारपांचंच ना? मी सिनेमा पाहून 'तुंबाडचे खोत' मागवलं. दोन्ही खंड. पहिला अर्धा झाला, अजून सिनेमातला तो राक्षस हस्तर आलेला नाही.

शेवटचं_पान

😂😂 येणार नाही भाऊ. दुसऱ्या खंडातही येणार नाही.

अनुस्वार

घोटाळा होतो खरा. २०१८च्या सिनेमाने नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलं, आणि त्यातल्या म्हातारीच्या भागामागे धारपांची कथा आहे. पेंडशांच्या कादंबरीत जगबुडीच्या काठचं खोतांचं घराणं आहे, पिढ्यान् पिढ्यांचं. लंगोटीत सोन्याच्या मोहरा घेऊन फिरणारं कुणी नाही.

कट्ट्यावरचा_भाऊ

मग आता वाचू की परत करू?

मालवणी_मास्तर

वाच. हस्तरापेक्षा खोत डेंजर.

हडसनकाठचा

न्यू जर्सीतून. आमच्याकडे आवडता लेखक विमानतळावरच्या वजनकाट्यावर ठरतो. २३ किलोची बॅग, त्यात सासूबाईंचे पापड, मेतकूट, दोन किलो भाजणी. उरलेल्या जागेत जो बसेल तो माझा आवडता लेखक. गेल्या खेपेला नेमाड्यांचं 'हिंदू' काढून मेतकूट ठेवावं लागलं. 'सत्तांतर' मात्र बसलं.

हे गमतीने, पण माडगूळकर खरंच आवडतात. सत्तांतरमध्ये सगळी पात्रं वानरं. एक टोळी, तिचा म्होरक्या, बाहेरून आलेला नर, आणि माद्यांची व पिलांची होणारी फरफट. छोटं पुस्तक आहे, आणि कुठेही 'बघा, माणसंही अशीच असतात' म्हणून कोपराने ढोसत नाही. बनगरवाडीतलाही तो कोवळा मास्तर कशावर मत देत नाही, नुसता बघतो. कारभारी बोलतो, आयबू बोलतो, मास्तर ऐकतो. माडगूळकर चित्रंही काढायचे, त्याचा हा परिणाम असावा असं मला वाटतं.

न आवडलेलं: सगळं वाचलेलं नाही, तेव्हा पास.

रात्रपाळी

मेतकुटासाठी नेमाडे काढले हे वाचून बरं वाटलं.

थोर_वगैरे

उदाहरणार्थ, धाग्यावर नेमाड्यांवर एक तरी भांडण झाल्याशिवाय धागा मराठी आहे असं म्हणता येत नाही. तर करू. कोसला १९६३ची. त्यानंतरचं चांगदेव चतुष्टय कोसलापेक्षा वरचं आहे, आणि लोक वाचत नाहीत कारण त्यात पांडुरंगासारखा लाडका पोरगा नाही. खेड्यापाड्यातल्या कॉलेजांत नोकरी बदलत फिरणारा प्राध्यापक आहे. बिढार, हूल, जरीला, झूल ओळीने वाचा. स्टाफरूमचं राजकारण इतकं बारकाईने मराठीत कुणी लिहिलेलं नाही. मी त्याच धंद्यात आहे.

अनुस्वार

झूलपर्यंत चांगदेव इतका थकलेला असतो की वाचकही थकतो.

थोर_वगैरे

नोकरीत तसंच होतं हो. कायम व्हा, मग कळेल.

नवा_गडी

(पहिलाच प्रतिसाद, चूक झाल्यास सांभाळून घ्या.) एवढं सगळं वाचलं. एक विचारू? यातले बहुतेक लेखक आमच्या जन्माआधी लिहून मोकळे झालेले. आत्ता लिहिणारं कुणी कुणाचं आवडतं नाही का?

मी कोल्हापूरचा. माझा आवडता लेखक कृष्णात खोत. 'रिंगाण'ला २०२३चा साहित्य अकादमी मिळाला तेव्हा घेतलं. धरणात गाव गेलेला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या गावाकडे जातो. एवढीच गोष्ट. म्हैस आता रानटी झालेली. माझ्या मामाचं गाव असंच उठलं. मामा अजून नव्या गावाला 'तिकडं' म्हणतो आणि पाण्याखालच्या गावाला 'घरी'. पुस्तक वाचायला सोपं नाही, भाषा दाट आहे, आमच्याकडची असूनही मी हळू वाचलं. किरण गुरवही आवडतात.

फलटणची_सून

स्वागत आहे, आणि अजिबात चूक नाही. मिलिंद बोकील घ्या की. 'शाळा' सगळ्यांनी वाचली, सिनेमाही पाहिला. पण मला 'उदकाचिया आर्ती'मधल्या कथा जास्त आवडतात. जयंत पवार हवे होते अजून. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' वाचून गिरणगावातून चालताना वेगळंच वाटतं.

मांडवीकाठ

गोव्यातून एक नाव. महाबळेश्वर सैल. कोंकणीत आणि मराठीत दोन्हीकडे लिहितात, आधी सैन्यात होते. 'तांडव' ही इन्क्विझिशनच्या काळातल्या गोव्याची कादंबरी. देव पाठीवर घालून रात्री नदीपार नेणारी माणसं आमच्या घराण्याच्या सांगण्यातही आहेत, त्यामुळे मला ती ऐतिहासिक वाटलीच नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांना गोव्यातले लेखक म्हटले की बोरकर आठवतात आणि यादी संपते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

झुरळ_नव्हे_मी

एवढे प्रतिसाद झाले. बायका किती? गौरी देशपांडे. एक. शाब्बास.

दुर्गाबाई भागवत कुठे आहेत? 'ऋतुचक्र' एकदा त्या त्या महिन्यात त्या महिन्याचा लेख असं वाचून बघा. कमल देसाई? 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' या दोन दीर्घकथांवर अनुस्वार यांच्यासारखे जी.ए.प्रेमी गप्प का असतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. सानिया? मेघना पेठे? आशा बगे?

आणि मुख्य म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे'. नवऱ्याने धर्म बदलला, घर मोडलं, पुन्हा जुळलं. आणि बाई हे सगळं अशा सुरात सांगतात की हसू आवरत नाही आणि पुढच्याच ओळीला घसा दाटतो. शेवटचं_पान, तुमच्या अटीचं लक्ष्मीबाईंपुढे काय करायचं? त्यांचं पुस्तक म्हणजे हेच एक. फसलेलं कुठून आणू?

अनुस्वार

'भरली घागर' हा कवितासंग्रह आहे, आणि त्यांच्या नवऱ्याचं, रेव्हरंड टिळकांचं, अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केलं. म्हणजे 'हेच एक' नाही. पण वाचलं जातं ते स्मृतिचित्रेच, हे खरं. कमल देसाईंबद्दल गप्प नाही, 'काळा सूर्य' दोनदा वाचूनही त्याबद्दल बोलायला शब्द जमले नाहीत, एवढंच.

झुरळ_नव्हे_मी

मग तेच लिहायचं होतं. आम्हीही तेच म्हणतो.

खारी_बिस्कीट

आयडी फार आवडला ताई.

कोपऱ्यातली_खुर्ची

मी फक्त वाचत होते, पण दि. बा. मोकाशींचं नाव येईना म्हणून लॉगिन केलं.

पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करणारा हा लेखक. ठेचाभाऊंच्या वर्गवारीत कुठे बसवायचा? पगार नाही, आणि लेखणीवर पोटही नाही. 'पालखी' घ्या. वारीबरोबर चालत जाऊन लिहिलेलं पुस्तक, पण भक्तीचा गहिवर नाही आणि टिंगलही नाही. पाय दुखतात, चहा मिळतो, कुणी भांडतं, कुणी गातं. 'आनंद ओवरी'त तुकोबा नाहीसे झाल्यावर त्यांचा धाकटा भाऊ कान्होबा बोलतो. थोरला भाऊ संत झाला की धाकट्याच्या गळ्यात काय काय येतं ते सगळं त्यात आहे. 'आता आमोद सुनासि आले' ही कथा वाचली नसेल तर आज वाचा. सुमित्रा भावे यांचा 'दिठी' तिच्यावरच आहे.

मोकाशींचं फसलेलं म्हणाल तर त्यांच्या काही कथा अगदीच सपाट आहेत, संपल्या कधी ते कळत नाही. पण मला त्या सपाट कथाही चालतात. रेडिओ उघडून बसलेला माणूस गिऱ्हाइकाचं बोलणं जसं ऐकेल तसा आवाज आहे त्यांचा. काही घडलं नाही तरी ऐकत बसावंसं वाटतं.

शेवटचं_पान

@कोपऱ्यातली_खुर्ची, मला अटीतून जे म्हणायचं होतं ते तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. गोष्ट नव्हे, आवाज. लव्हाळी मी त्याच्यासाठीच संपवली.

वऱ्हाडी_ठेचा

आवाजच म्हणत असाल तर कौतिकचा आवाज माझ्या कानात आहे. तो एकाच पुस्तकातला आहे म्हणून कमी होतो का? @झुरळ यांनी लक्ष्मीबाईंचं विचारलं तेव्हा तुम्ही शिताफीने गप्प बसलात, हे इथे नोंदवून ठेवतो.

शेवटचं_पान

गप्प नाही, विचार करत होतो. लक्ष्मीबाईंना सूट. शेळक्यांना नाही. कारण शेळक्यांची बाकीची पुस्तकं आहेत, ती वाचून तुम्हीच ती बाजूला ठेवलीत.

वऱ्हाडी_ठेचा

ही तर शुद्ध बामणी पळवाट झाली बावा. 😄

शेवटचं_पान

😄 पेंडसे वाचून वाचून लागलेली सवय.

रात्रपाळी

लहानपणचे आवडते कुणी काढलेच नाहीत. भा. रा. भागवत! फास्टर फेणे वाचून मी सायकलवरून फुरसुंगी शोधायला निघालो होतो. हडपसरपर्यंत गेलो, तिथे काकांनी पकडलं.

नवा_गडी

फुरसुंगी खरंच आहे??

रात्रपाळी

आता तिथे फ्लॅटच्या जाहिराती लागतात बाबा.

कट्ट्यावरचा_भाऊ

धागा वर काढतोय.

तुंबाडचे खोत संपलं. दोन्ही खंड. मधे पाच-सहा महिने गेले, कारण पहिला खंड संपल्यावर दुसरा बायकोने घेतला आणि माहेरी घेऊन गेली. तिथे सासऱ्यांनी धरला. ते दापोलीकडचे. परत आला तेव्हा आत जागोजागी बसच्या तिकिटांच्या खुणा.

हस्तर नाही, पण मास्तर म्हणाले तसे खोत डेंजर. सुरुवातीला कोण कुणाचा मुलगा हेच कळेना, शेवटी वंशावळ कागदावर काढून पुस्तकात ठेवली. नाना खोत आवडला. दुसऱ्या खंडाचा शेवटाकडचा भाग मला लांबला वाटला. घराणं उतरणीला लागलं की लेखकही सैलावतो की काय! पण सोडवलं नाही. तर शेवटचं_पान, आता पेंडसे माझे आवडते लेखक झाले, की अजून एक फसलेलं वाचायचं बाकी आहे?

शेवटचं_पान

शेवटाकडचा भाग लांबला असं वाटूनही सोडवलं नाही ना? झालं मग. तरी हद्दपार वाचा, त्यातले राजेमास्तर बघा. फसलेली सावकाश वाचा, ती कुठे पळत नाहीत. वाचनालयात तीच जागेवर असतात.

झुरळ_नव्हे_मी

सासऱ्यांचं मत काय पडलं ते सांगा. दापोलीकडच्या माणसाचं महत्त्वाचं.

कट्ट्यावरचा_भाऊ

त्यांचं म्हणणं, यातलं एक घर त्यांना नक्की माहीत आहे, पण नाव सांगणार नाहीत कारण अजून कोर्टात केस चालू आहे.

मालवणी_मास्तर

आमच्याकडे चार हत. नावां नको.

हडसनकाठचा

डिसेंबरात येतोय. 'धग' आणि 'आनंद ओवरी' सध्या दुकानात मिळतात का? मेतकूट या वेळी कुरियरने पाठवायचं ठरलंय.

कोपऱ्यातली_खुर्ची

आनंद ओवरी मी महिन्याभरापूर्वीच पुण्यात घेतली, मिळायला हरकत नाही. धगचं माहीत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

धग माझ्याकडे दोन आहेत. पत्ता माझ्या विपूत (विचारपुशीत) टाका, पाठवून देतो. पैसे नको, मेतकूट द्या.